तुमचे प्रश्न : डेटा फुकट मिळतो हो, पण पुढे काय?

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की जगभरातला बराच मेडिकल रिसर्च डेटा आता कुणालाही वापरायला मिळतो, त्यासाठी स्वतःची लॅब लागतेच असं काही नाही. त्यावर इतके मेल आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाहीये, आणि ज्यांनी फक्त "लिंक पाठवा" एवढंच लिहिलंय त्यांनी रागवू नका, पण त्याला उत्तर काय देणार.

प्रश्न : ताई, मी सोलापूरला एमबीबीएस थर्ड इयरला आहे. रिसर्चची खूप आवड आहे पण कॉलेजात तसं वातावरण नाही, लॅब तर नाहीच. फुकट डेटा नक्की कुठे मिळतो? कोडिंग येत नाही, चालेल का? पप्पा म्हणतात आधी नीट-पीजी परीक्षेचं बघ.

पप्पांचं चुकत नाहीये, पण दोन्ही जमतं, फक्त सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस. पहिली गोष्ट म्हणजे डेटा शोधायच्या आधी प्रश्न शोध. मला आलेल्या दहातल्या नऊ मेलमध्ये "कुठला डेटा घेऊ" असं असतं आणि "मला अमुक जाणून घ्यायचंय" असं कुणीच लिहीत नाही. तू वॉर्डात जातोस ना, तिथे रोज काहीतरी खटकत असेलच, तिथून सुरुवात कर.

समज तुला बायकांमधल्या अॅनिमियाबद्दल काही बघायचंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली, ती मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं राबवली, ७ लाख २४ हजारांच्या वर बायकांच्या मुलाखती झाल्या, बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासलं गेलं आणि १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका अॅनिमिक निघाल्या. हा आकडा पेपरात सगळ्यांनीच वाचला, पण त्यामागची एकेका बाईची ओळ (नाव पत्ता सोडून) रिसर्चसाठी फुकट मिळते हे फार कमी जणांना माहीत असतं. आता ती फाइल उघडलीस की हिमोग्लोबिनच्या रकान्यात ११२ असं काहीतरी दिसेल, ते ११.२ असतं, दशांश चिन्ह गाळलेलं असतं. आणि मध्येच ९९४ किंवा ९९५ दिसेल, ते हिमोग्लोबिन नाहीये, बाई तपासणीच्या वेळी हजर नव्हती किंवा नको म्हणाली, त्याचे ते कोड. हे न काढता सरासरी काढली की जे उत्तर येईल ते बघून तुझ्या पॅथॉलॉजीच्या मॅडम बेशुद्ध पडतील. शिवाय प्रत्येक बाईला एक वेट, म्हणजे देशाच्या हिशोबात तिचं उत्तर किती मोजायचं त्याचा आकडा, दिलेलं असतं, त्या रकान्याला दहा लाखानं भागून वापरायचं, ते नाही वापरलं तर तुझा निष्कर्ष देशाचा नाही, फक्त ज्या घरांत सर्वेवाले गेले त्यांचा. म्हणून सांगते, पहिला आठवडा फक्त कोडबुक (कुठल्या रकान्यातला कुठला आकडा म्हणजे काय ते सांगणारी यादी) आणि रिपोर्टच्या मागची परिशिष्टं वाचण्यात घालव. कंटाळवाणं आहे पण खरं शिक्षण तिथेच होतं.

एक अडचण मात्र ध्यानात ठेव. हा डेटा डीएचएस या अनेक देशांत आरोग्य सर्वेक्षणं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या साइटवरून मिळायचा, त्याला यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचा पैसा होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो थांबल्यावर नवीन नोंदण्यांना मंजुरीच मिळेनाशी झाली. नंतर गेट्स फाउंडेशननं तात्पुरता हात दिला. म्हणजे फुकट डेटासुद्धा कुणीतरी पैसे भरतंय म्हणून फुकट असतो. तिथे वेळ लागत असेल तर आयआयपीएसकडेच लासी नावाचा अभ्यास आहे, ४५ च्या पुढच्या ७२ हजारांवर लोकांचा, पहिली फेरी २०१७-१८ ची, बीपी, शुगर, स्मरणशक्ती, पेन्शन, सुना सासऱ्यांना विचारतात का इथपर्यंत जवळजवळ सगळं त्यात आहे. तो त्यांच्याकडे फॉर्म भरून मागता येतो.

कोडिंगचं म्हणशील तर आर किंवा पायथन यातलं एक शीक, दोन्ही नको. पण त्याहीआधी आयसीएमआर म्हणजे आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या चेन्नईच्या एनआयई संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च करून टाक, तो ऑनलाइन फुकट आहे, परीक्षेची फी तेवढी असते, आणि पीजीला गेलास की तो तसाही करावाच लागतो. आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे, तुझ्यासारख्यांसाठीच आहे, त्यात थोडं मानधनही मिळतं. पण गाइड लागतो. कम्युनिटी मेडिसिनच्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन बस, तिथे एक तरी माणूस असा असतो ज्याला कुणी येऊन प्रश्न विचारला की बरं वाटतं.

आयसीयूची आवड असेल तर मिमिक बघ. बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस हॉस्पिटलमधल्या पेशंटचा डेटा, एमआयटीवाल्यांनी फिजिओनेट या साइटवर ठेवलाय. शंभर पेशंटचा डेमो सरळ डाउनलोड होतो, हात बसवायला तो पुरे. पूर्ण डेटासाठी सिटी (CITI) या ऑनलाइन ट्रेनिंग साइटचा "डेटा ऑर स्पेसिमेन्स ओन्ली रिसर्च" हा कोर्स करायचा, तिथे संस्था निवडताना एमआयटी अफिलिएट्स निवडलं की पैसे लागत नाहीत, आणि मग अपलोड करताना सर्टिफिकेट टाकायचं नाही, सगळ्या मॉड्यूलचे मार्क असलेला रिपोर्ट टाकायचा. निम्म्या पोरांचे अर्ज इथेच परत येतात. रेफरन्स म्हणून गाइडचं नाव द्यायचं, मित्राचं नाही. आत गेल्यावर गंमत बघ, अॅडमिशनच्या तारखा एकविसाव्या नाही तर बाविसाव्या शतकातल्या असतात, आणि मिमिकच्या तिसऱ्या आवृत्तीत काही आजोबांचं वय तीनशे वर्षं निघतं. बग नाहीये तो. ओळख लपवायला सगळ्या तारखा पुढे ढकलल्यात, आणि ८९ च्या वरचं वय अमेरिकन नियमानं दाखवायचंच नसतं म्हणून ते मुद्दाम अशक्य करून ठेवलंय.

प्रश्न : तो मिमिकचा डेटा चॅटजीपीटीला देऊन अॅनालिसिस करून घेतलं तर?

नाही. करारावर सही केलीय तुम्ही की तिसऱ्या कुणाला देणार नाही, आणि ऑनलाइन एआय म्हणजे तिसराच की. फिजिओनेटनं २०२३ मध्ये हे स्पष्ट लिहून टाकलंय. कोड लिहून घ्या, एरर विचारा, खुशाल, पण पेशंटच्या ओळी चिकटवू नका.

प्रश्न : मी एमडी मेडिसिन सेकंड इयरला आहे, नागपूर. टेलिग्रामवर एकानं ऑफर दिली, एनहेन्सचा डेटा वापरून पंधरा दिवसांत पेपर, फर्स्ट ऑथर माझं नाव, पैसे दोन हप्त्यांत. डेटा तर पब्लिकच आहे, मग यात गैर काय? बाकीचे सगळे घेतायत.

डॉक्टर, गैर डेटात नाहीये, तुम्ही न केलेल्या कामावर तुमचं नाव टाकण्यात आहे, हे तुम्हालाही कळतंय म्हणूनच विचारताय ना. पण नैतिकतेचं सोडा, व्यवहाराचं बोलू. एनहेन्स हा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सर्वे, दरवर्षी साधारण पाच हजार लोकांची तपासणी, नोंदणीही न करता डाउनलोड होतो, त्यामुळे एक साचा धरायचा, एक व्हिटॅमिन किंवा एखादा इंडेक्स घ्यायचा, एक आजार घ्यायचा, दोघांचा संबंध लावायचा की झाला पेपर. २०२५ च्या मे महिन्यात सरे विद्यापीठाच्या मंडळींनी प्लॉस बायॉलॉजी या जर्नलमध्ये याचाच हिशोब मांडला. असे एकाच घटकाचे ३४१ पेपर त्यांना सापडले, २०१४ ते २०२१ मध्ये वर्षाला सरासरी चार निघायचे आणि २०२४ मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच १९० निघाले. कित्येकांनी एवढ्या वर्षांचा डेटा असताना मधली सोयीची दोनतीन वर्षंच उचललेली, कारण काय ते दिलेलंच नाही. आता एडिटर लोक एनहेन्स हा शब्द दिसला की चष्मा नीट करून वाचतात. म्हणजे पैसे देऊन तुम्ही जे घेणार ते उद्या रिट्रॅक्ट झालं, म्हणजे जर्नलनं मागे घेतलं, की गूगलवर तुमच्या नावासमोर कायमचं बसणार, आणि तो टेलिग्रामवाला तोवर नवीन ग्रुप काढून मोकळा.

त्यापेक्षा तुमचा थीसिस ज्या विषयावर आहे त्याच विषयाचा प्रश्न एनहेन्समध्ये किंवा लासीमध्ये विचारून बघा. तुमच्याकडे शंभर पेशंट आहेत, तिथे हजारो, उत्तर सारखं आलं तर चर्चेत एक चांगला परिच्छेद होतो, वेगळं आलं तर तुमच्याकडे खराखुरा पेपर आहे. फक्त अॅनालिसिस चालवायच्या आधी काय करणार हे तारीख घालून लिहून ठेवा, गाइडला मेल करा. दहा गोष्टी तपासून एक जुळली तेवढीच दाखवायची हा मोह फुकट डेटात फार होतो.

प्रश्न : एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्स झालंय, कोल्हापूर. ओरल कॅन्सरवर काम करायचंय. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा. ट्रेनिंगला पैसे नाहीत. स्कॉलरशिप कुठे मिळेल?

ट्रेनिंगचं आधी, कारण त्याला पैसे लागतच नाहीत. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनच्या ईएमबीएल-ईबीआय या जीवशास्त्राचा डेटा सांभाळणाऱ्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स आणि वेबिनार फुकट आहेत आणि चांगले आहेत. गॅलक्सी नावाचं जे अॅनालिसिसचं टूल आहे ते ब्राउझरमध्ये चालतं, काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, तुमच्या आठ जीबीला हातही लागत नाही, आणि त्यांचे ट्यूटोरियल इतके पायरीपायरीनं लिहिलेत की कॉलेजात दोन वर्षांत जे शिकवत नाहीत ते महिन्याभरात येतं. कॅन्सरसाठी सीबायोपोर्टल ही साइट उघडा, एक ओळ कोड न लिहिता कुठल्या जीनमध्ये किती पेशंटना म्युटेशन ते दिसतं.

आता तुमच्या विषयाची मेख. टीसीजीए म्हणजे अमेरिकेचा तो मोठा कॅन्सर जीनोम प्रकल्प, २००६ ला सुरू झाला, ३३ प्रकारचे कॅन्सर, ११ हजारांवर पेशंट, सगळे त्यावरच काम करतात. पण त्यातला हेड अँड नेक म्हणजे घसा, जीभ, टॉन्सिल सगळं एकत्र, आणि पेशंट मुख्यतः तिकडचे, सिगरेटवाले, काही एचपीव्ही विषाणूवाले. आपल्याकडे गालात तंबाखू-चुन्याची गोळी धरून होणारा जो कॅन्सर आहे तो हिरडी आणि गालाच्या मधला, आणि त्याचा वेगळा अभ्यास पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जीनोम संस्था आणि खारघरचं अॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र यांनी मिळून केला, २०१३ मध्ये छापून आला. तो पेपर आणि टीसीजीए शेजारी शेजारी ठेवून वाचा, तिथेच तुम्हाला दोनतीन प्रश्न मिळतील जे बोस्टनमध्ये बसलेल्याला सुचणार नाहीत. टीसीजीएचा बराचसा डेटा खुला आहे, पण पेशंटचा मूळ सिक्वेन्स हवा असेल तर डीबीगॅप या अमेरिकेच्या सरकारी डेटाकोठाराकडून परवानगी लागते आणि ती तुम्हाला एकट्याला मिळत नाही, संस्था आणि संस्थेचा सही करणारा अधिकारी लागतो. सुरुवातीला त्याची गरजही नाही.

पैशाचं खरं सांगू का, नुसतं "मी दुसऱ्यांचा डेटा वापरणार" म्हणून आपल्याकडे वेगळी स्कॉलरशिप शोधत बसलात तर वर्ष जाईल. पैसा माणसाच्या पगारासाठी मिळतो. म्हणजे डीबीटी या केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची बेट परीक्षा, आयसीएमआरची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), सीएसआयआरची नेट. जेआरएफ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार महिना, वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२ हजार. परीक्षा नको असेल तर आधी एखाद्या प्रकल्पात असिस्टंट म्हणून लागा, अॅक्ट्रेक, पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्स सेंटर, आयसर अशा जागांच्या जाहिराती त्यांच्या साइटवर येतात, रोज नाही तरी आठवड्याला बघत जा. आणि पुढे पीएचडीला लागलात की एक गोष्ट विसरू नका जी इथे बहुतेकांना माहीतच नसते, भारत २०१६ पासून युरोपच्या एम्बो या जीवशास्त्र संघटनेला पैसा पुरवणाऱ्या ईएमबीसी या देशांच्या गटाचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे त्यांच्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या) फेलोशिपला आणि तीन महिन्यांपर्यंत तिकडच्या लॅबमध्ये जाऊन शिकून येण्याच्या ग्रांटला इथून अर्ज करता येतो.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. पंधरा वर्षांचे डायबिटीसचे केसपेपर आहेत, काही हजार पेशंट, बरेच आता एक्सेलमध्ये घेतलेत. एका परदेशी कंपनीच्या माणसानं हा डेटा "कोलॅबोरेशन" म्हणून मागितलाय, मोबदला देतो म्हणतो. नाव काढून दिलं तर हरकत नसावी ना?

डॉक्टर, हरकत आहे. पण आधी एक म्हणते, पंधरा वर्षं एकाच भागातले पेशंट लिहून ठेवणारा जनरल फिजिशियन मला फार भेटत नाही, त्यामुळे तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत त्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त कळलीय असं दिसतं.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. लतान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेनं २००० मध्येच दाखवलं की नुसता पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं वेगळी ओळखू येऊ शकतात. तुमच्याकडे तर वाडीचं नाव असेल, आणि एखाद्या वाडीत पाय कापावा लागलेला बेचाळीस वर्षांचा माणूस एकच असतो, सगळ्या गावाला माहीत असतो. तेव्हा जन्मतारखेऐवजी वयोगट, वाडीऐवजी तालुका, तारखांऐवजी पहिल्या भेटीपासून किती महिने असं करावं लागेल, आणि दुर्मीळ केसेस बाजूला काढाव्या लागतील. आणि हे करूनसुद्धा पेशंटनं तुम्हाला हे सगळं सांगितलं ते औषधासाठी, कंपनीसाठी नाही.

मग मार्ग काय. जवळच्या मेडिकल कॉलेजची एथिक्स कमिटी गाठा, डिपार्टमेंट ऑफ हेल्थ रिसर्चकडे नोंदलेली आहे ना ते विचारा. जुन्या केसपेपरवरच्या संशोधनासाठी प्रत्येकाची नव्यानं संमती घेणं शक्य नसेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटी ती अट शिथिल करू शकते, पण तो निर्णय कमिटीचा, तुमचा किंवा कंपनीचा नाही. परदेशी संस्था असेल तर प्रस्ताव आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे जातो, आणि त्यासाठी तिकडची बाजू खरोखर संशोधन करणारी असावी लागते. वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहेच, त्यात संशोधनाला सूट आहे पण ठरवून दिलेले निकष पाळले तर. हे सगळं त्या माणसाला सांगून बघा, बहुतेक तो पुढच्या डॉक्टरकडे जाईल.

आणि खरं कोलॅबोरेशन कसं असतं ते बघायचं तर लांब जायला नको. पुण्याच्या केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनबरोबर. बाळं जन्मली तेव्हा त्यांची मापं साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली, तिकडची साडेतीन किलोची, आपली दोन किलो सातशेची, पण चरबी मात्र त्या मानानं कमी नव्हती, स्नायू आणि अवयव कमी. बारीक दिसणाऱ्या माणसाला डायबिटीस कसा होतो याचा अख्खा विचार त्यातून बदलला. तिथे साउदॅम्प्टनला पुण्याचा डेटा "दिला" असं झालं नाही, प्रश्न दोघांचा होता, मापं घ्यायची पद्धत दोघांची सारखी होती आणि गावातल्या त्या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत चालू राहिला. त्याच केईएमचं वढूला २००२ पासून २२ गावांच्या लोकसंख्येवर नियमित लक्ष ठेवणारं केंद्र आहे. माझं ऐकाल तर अशा कुठल्यातरी टीमला एक पानाचं पत्र लिहा, माझ्याकडे काय आहे, किती वर्षांचं, कुठले रकाने किती टक्के भरलेले, कुठे गाळलेले. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एचबीए१सी (गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर) निम्म्या पेशंटचं नसेल तर तसं लिहा, लपवू नका. आणि ऑथर कोण, डेटा कुठे राहणार, तुम्ही प्रॅक्टिस बंद केलीत तर काय, हे कामाच्या आधी कागदावर.

प्रश्न : मी लीड्सला पोस्टडॉक आहे, मूळची सांगलीची. यूके बायोबँक या ब्रिटनच्या मोठ्या आरोग्य-डेटावर काम करते. भारतातल्या डेटावर काम करायचंय आणि जमलं तर परत यायचंय. जीनोम इंडियाचा डेटा इथून मिळेल का?

इथूनच म्हणजे लीड्समधून, एकटीला, तर अवघड आहे गं. जीनोम इंडिया म्हणजे ८३ समाजगटांतल्या दहा हजार लोकांचे जीनोम, वीस संस्थांचं काम, ९ जानेवारी २०२५ ला खुला केला, पण खुला म्हणजे डाउनलोड करा असा नाही. तो फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि ठरलेल्या प्रक्रियेतून, प्रस्ताव देऊन मिळतो. त्यामुळे भारतातला कुणीतरी पुढे हवा. यूके बायोबँकची सवय झालेल्यांना हे संथ वाटतं, पण तिथली मर्यादा तुला माहीतच आहे, पाच लाख लोक खरे, पण बोलावलेल्यांपैकी साडेपाच टक्केच आले, त्यातले बहुतेक गोरे आणि सरासरीपेक्षा तब्येतीनं बरे. तिथल्या रिस्क स्कोअरवरून सांगलीतल्या माणसाला काही सांगणं धाडसाचंच.

तोवर तुझ्या शेजारी काय आहे बघ की. ब्रॅडफर्ड लीड्सपासून कितीसं लांब, तिथला बॉर्न इन ब्रॅडफर्ड हा अभ्यास बाळांपासून सुरू झालेला, निम्म्याच्या आसपास कुटुंबं पाकिस्तानी वंशाची, आणि वर याज्ञिकांचं जे सांगितलं तेच तिथेही दिसलं, वजन कमी पण त्या मानानं चरबी जास्त. सहा गावं आणि ब्रॅडफर्ड यांच्यात जोडणारा प्रश्न तुझ्याइतका नीट कोण विचारणार?

परत यायचं असेल तर डीबीटी वेलकम इंडिया अलायन्सच्या फेलोशिप बघ. अर्ज करताना भारतात राहत असावं लागत नाही, काम भारतात करायचं असतं. तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, १५०० कोटींचा आहे, त्यातले हजार डीबीटीचे आणि पाचशे ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या भरवशावर मात्र आत्ता प्लॅन करू नकोस, परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत त्यांनी मे २०२५ मध्ये थांबवली. आणि अर्जात यजमान संस्था लागते, तेव्हा पुढच्या वेळी सुट्टीला आलीस की एक दिवस पुण्यात काढ, मेलवर सहा महिने जे होत नाही ते चहावर होतं.